अतिनिदान म्हणजे काय?



परवा पालकसभेनंतर एका आईनं विचारलं, "मॅडम, फुल बॉडी चेकअप स्वस्तात मिळतंय, करून टाकू का?" पुण्यात चौकाचौकात अशा जाहिराती दिसतात, म्हणून हा विषय.

काही कॅन्सर इतके हळू वाढतात की आयुष्यभर त्रास देत नाहीत. लक्षण नसताना केलेल्या तपासणीत असा कॅन्सर सापडणं म्हणजे अतिनिदान. मग विनाकारण ऑपरेशन, कधी जन्मभर गोळ्या, खर्च आणि घरादाराची झोप उडते ती वेगळीच.

उदा. दक्षिण कोरियात गळ्याची सोनोग्राफी सर्रास होऊ लागली. २०११ मध्ये थायरॉइड कॅन्सरचं प्रमाण १९९३ च्या १५ पट झालं. मृत्यू मात्र होते तेवढेच राहिले.

मग तपासणी करूच नये का? तसं नाही. आपल्या उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातल्या १ लाख ३१ हजारांवर महिलांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एकदाच एचपीव्ही तपासणी केलेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू, तपासणी न केलेल्या गटाच्या जवळपास निम्मे होते. कारण कॅन्सर होण्याआधीचे बदलच सापडतात आणि तेव्हाच उपचार होतो.

लक्षात ठेवा : लक्षण असेल तर लगेच डॉक्टरांकडे जा. लक्षण नसेल तर पॅकेज घेण्याआधी डॉक्टरांना विचारा, "या तपासणीनं माझ्या वयात जीव वाचतो का?"