गोड वासाचा सापळा

माझी शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे शुद्धलेखन चुकलं तर सांभाळून घ्या. विषय मात्र आपल्या हॉस्टेलचाच आहे.

इचलकरंजी म्हणजे यंत्रमागांचं गाव. मागाच्या शेडमध्ये सगळीकडे कापूस उडत असतो, तिथे विडी पेटवणं धोक्याचं. मग तोंडात मावा नाहीतर पुडी. आपण पोरं तर दोन्ही करतो. लेक्चरआधी पुडी आणि नंतर टपरीवर सिगारेट!

तंबाखूला सुगंध कशासाठी? तंबाखू मुळात कडू आणि झोंबणारी. वेलची, गुलाब घातलं की नवख्याला ती गोड लागते. मेंथॉलने घसा गार पडतो, त्यामुळे धुराचा त्रास जाणवत नाही. चुन्याचं काम वेगळं. तो पीएच वाढवतो, निकोटिन मोकळं होतं आणि गालाच्या आतून पटकन रक्तात जातं. थोडक्यात, चव दार उघडते आणि आत शिरतं निकोटिन.

आता कायदा बघू. महाराष्ट्राने २००२ साली गुटखा बंद केला, पण २००४ मध्ये सुप्रीम कोर्टात ती बंदी टिकली नाही. २०११ च्या नियमांनी खाद्यपदार्थात तंबाखू व निकोटिन घालायला मनाई केली. त्या आधारावर जुलै २०१२ मध्ये गुटखा व पानमसाल्यावर पुन्हा बंदी आली. २०१३ मध्ये सुगंधित तंबाखू व सुगंधित सुपारीही त्यात आली. पण ही बंदी अन्न कायद्याखालची, आणि सिगारेट काही अन्न नाही. म्हणून पुदिन्याची सिगारेट या जाळ्यातून सुटते. तिला लागू होतो तो २००३ चा कायदा : अठरा वर्षांखालच्यांना विक्री नाही, आणि शाळा-कॉलेजपासून १०० यार्डांच्या आत विक्री नाही. आपल्या गेटपासून टपरी किती पावलांवर आहे, ते एकदा मोजून बघा.

हे सगळं मी का वाचत बसलो? माझ्या रूममेटने फर्स्ट इयरला गोड सुपारीपासून सुरुवात केली, पुढे मावा आला. गेल्या महिन्यात मेसमध्ये त्याला घास घेताना तोंडच नीट उघडेना. डॉक्टर म्हणाले, तीन बोटं उभी घाल. दोनच गेली. सुपारीमुळे गालाच्या आतला भाग कडक होत जातो, त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. परत येताना तो एवढंच म्हणाला, "घरी सांगू नकोस भावा."

आज रात्री आरशासमोर तुम्हीही तीन बोटं घालून बघा. गेली नाहीत तर लाजू नका, डॉक्टरकडे जा. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर सरकारचा मोफत नंबर आहे : १८००-११-२३५६. तो नंबर आमच्या रूमच्या दारावर चिकटवलाय. चिकटवला त्यानेच.