व्यायामानंतर फास्ट फूड : घाम वाया जातो का?

आपल्या जिल्ह्यातील तरुणांच्या जीवनात पहाटेच्या धावण्याला आज वेगळेच महत्त्व प्राप्त झाले आहे. भाट्याच्या किनाऱ्यावर, रत्नागिरी शहरातील मैदानांवर आणि गावोगावच्या सड्यांवर सूर्योदयापूर्वी धावणारी मुले-मुली दिसतात. त्यांपैकी अनेकांच्या डोळ्यांसमोर पोलीस भरती किंवा सैन्यभरती असते. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची असून तीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते. त्याशिवाय १०० मीटर धावणे व गोळाफेक असते. काही सेकंदांच्या फरकाने गुण कमी-जास्त होतात आणि एखाद्या कुटुंबाची अनेक वर्षांची आशा त्या सेकंदांवर टांगलेली असते.

याच मुलांचा धावणे संपल्यानंतरचा पहिला थांबा पुष्कळदा वडापावची किंवा समोशाची गाडी असतो. संध्याकाळी व्यायामशाळेतून बाहेर पडणाऱ्यांसाठी चायनीजची गाडी उभीच असते. यावर घराघरांत दोन मते ऐकू येतात. पालक म्हणतात, "एवढे धावून वर हे खाल्लेस, म्हणजे सगळी मेहनत पाण्यात गेली." मुले म्हणतात, "एवढे धावलो, आता काहीही खाल्ले तरी जिरते." ही दोन्ही विधाने अर्धी खरी आहेत. उरलेले अर्धे सत्य काय, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

व्यायामानंतर शरीरात काय घडते?

धावताना स्नायू प्रामुख्याने दोन प्रकारचे इंधन वापरतात. एक साठवलेली चरबी आणि दुसरे ग्लायकोजेन. आपण खाल्लेल्या भात-भाकरीतील कर्बोदके शरीर ग्लायकोजेनच्या रूपाने स्नायूंत व यकृतात साठवून ठेवते. हा साठा मर्यादित, साधारण ५०० ग्रॅमच्या आसपास असतो. दीर्घकाळ व जोराने केलेल्या व्यायामात तो बराच रिकामा होतो. त्याचबरोबर स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि घामावाटे पाणी व मीठ निघून जाते.

त्यामुळे व्यायामानंतर शरीराच्या तीन गरजा असतात. साठा भरण्यासाठी कर्बोदके, स्नायूंच्या दुरुस्तीसाठी प्रथिने आणि गेलेले पाणी-मीठ. स्नायू बळकट होतात ते या दुरुस्तीच्या काळात. म्हणून व्यायामानंतरचा आहार हा व्यायामाचाच उत्तरार्ध समजला पाहिजे.

एक उद्बोधक प्रयोग

अमेरिकेतील मोंटाना विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली या विषयावरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. ११ प्रशिक्षित सायकलपटूंकडून ९० मिनिटे कसून व्यायाम करून घेण्यात आला. नंतरच्या चार तासांच्या विश्रांतीत त्यांना एकदा खेळाडूंसाठी बनवलेली महागडी पूरक उत्पादने आणि दुसऱ्या वेळी हॅम्बर्गर, बटाट्याचे तळलेले काप यांसारखे फास्ट फूड मोजून देण्यात आले. त्यानंतर प्रत्येकाने २० किलोमीटर सायकल शर्यत पूर्ण केली. स्नायूंतील ग्लायकोजेन भरून येण्यात आणि शर्यतीच्या वेळेत दोन्ही प्रसंगी लक्षणीय फरक आढळला नाही.

या प्रयोगावरून पालकांच्या विधानातील अतिशयोक्ती दूर होते. व्यायामानंतर एखादा वडापाव खाल्ल्याने त्या दिवसाचा व्यायाम पुसला जात नाही. हृदयाला, फुप्फुसांना व स्नायूंना मिळालेली चालना कायम राहते. तसेच महागड्या डब्यांतील पावडरींवाचून शरीर सावरत नाही, हा समजही त्यातून खोटा ठरतो.

परंतु मुलांनी या निष्कर्षाचा आधार घेण्यापूर्वी त्याच्या मर्यादा ध्यानात घ्याव्यात. प्रयोगातील व्यक्ती थोड्या होत्या, कसलेल्या होत्या आणि त्यांचा साठा दीड तासाच्या श्रमाने खरोखर रिकामा झाला होता. खाणे मोजून दिलेले होते. मुख्य म्हणजे प्रयोग एका दिवसाच्या परिणामापुरता होता. रोज असे खाल्ल्याने तीन महिन्यांत किंवा तीन वर्षांत काय होते, हा प्रश्न त्यात विचारलेलाच नव्हता.

घामाचा आणि ताटाचा हिशेब

सपाटीवर धावताना माणूस दर किलोमीटरला वजनाच्या प्रत्येक किलोमागे सुमारे एक कॅलरी खर्च करतो. ६० किलो वजनाचा तरुण पाच किलोमीटर धावला, तर सुमारे ३०० कॅलरी खर्च होतात. एका वडापावात आकार व तेल यांनुसार कमी-अधिक, पण साधारण तेवढ्याच कॅलरी असतात. म्हणजे अर्ध्या तासाचे धावणे पाच मिनिटांत भरून निघते. दोन वडापाव आणि एक शीतपेय घेतले, तर जमाखर्च उलटा होतो. शीतपेयाच्या ३०० मिलिलीटर बाटलीत ३० ग्रॅमहून अधिक, म्हणजे सुमारे सहा चमचे साखर असते.

व्यायामामुळे किती ऊर्जा खर्च झाली याचा आपला अंदाज बहुधा जास्त असतो आणि खाल्ले किती याचा कमी असतो. रोजच्या गरजेपेक्षा ३०० कॅलरी अधिक पोटात गेल्या, तर कागदावरच्या हिशेबाने महिन्याला सुमारे एक किलो वजन वाढते. प्रत्यक्षात वाढ काहीशी कमी असेल, पण दिशा तीच राहते. १६०० मीटर धावताना प्रत्येक जादा किलो बरोबर वाहून न्यावा लागतो.

येथे इतिहासातील एक गोष्ट आठवावी. वडापावचा प्रारंभ १९६६ साली दादर स्थानकाबाहेर अशोक वैद्य यांनी केला, असे सांगितले जाते. कष्टकऱ्यांच्या, विशेषतः गिरणी कामगारांच्या भुकेला तो स्वस्त व झटपट आधार होता. या गिरणी कामगारांत रत्नागिरी जिल्ह्यातून गेलेल्या आपल्या आजोबा-पणजोबांची संख्या मोठी होती. पाळीभर यंत्रापुढे उभे राहून राबणाऱ्या त्या माणसाला मिळेल तेवढी ऊर्जा हवीच होती. म्हणून वडापावला हिणवण्याचे कारण नाही. मात्र दिवसातला अर्धा तास धावून उरलेला वेळ अभ्यासिकेत किंवा मोबाईलपुढे बसणाऱ्या तरुणाने त्या कामगाराच्या मापाने खाणे योग्य नव्हे.

पोट भरते, पण गरज भागत नाही

फास्ट फूडचा खरा तोटा त्यात काय आहे यापेक्षा त्यामुळे ताटातून काय बाहेर जाते, यात आहे. वडापावने पोट भरते आणि मग घरचा नाश्ता नकोसा होतो. वडापावात प्रथिने जेमतेम सहा-सात ग्रॅम असतात. नियमित व कसून व्यायाम करणाऱ्याला दिवसाला वजनाच्या प्रत्येक किलोमागे १.२ ग्रॅम किंवा त्याहून थोडी अधिक प्रथिने लागतात. ६० किलोच्या तरुणाला ती ७० ग्रॅमच्या पुढे हवीत. मैदा, बटाटा आणि तेल यांच्यावर दिवसाची सुरुवात झाली, तर ही गरज भरून काढणे कठीण जाते.

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. रक्तात हिमोग्लोबिन कमी असेल, तर स्नायूंना प्राणवायू कमी मिळतो. मुलगी जिद्दीने धावते, पण लवकर दमते आणि दोष मात्र तिच्या सरावाला दिला जातो. भरतीची तयारी सुरू करणाऱ्या प्रत्येक मुलीने हिमोग्लोबिनची तपासणी करून घ्यावी. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात होऊ शकते.

सडपातळ दिसणे म्हणजे निरोगी असणे नव्हे

"आमचा मुलगा काटक आहे, त्याला काय होणार?" असे पालक म्हणतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातील खेड्यांतील माता व बालकांचा दीर्घकालीन अभ्यास केला. आपली बाळे जन्मतः वजनाने लहान असली, तरी त्यांच्या शरीरात स्नायूंच्या मानाने चरबीचे प्रमाण जास्त असते, हे त्यातून पुढे आले. वरून बारीक आणि आतून चरबीयुक्त अशी ही ठेवण पुढे मधुमेहाला अनुकूल ठरते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अभ्यासात देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींहून अधिक असल्याचे दिसून आले.

व्यायाम या धोक्यावरचा उत्तम उपाय आहे. त्याने स्नायू वाढतात, इन्सुलिनचे कार्य सुधारते आणि जेवणानंतर रक्तात वाढणारी चरबीही काही प्रमाणात कमी राहते. मात्र खर्च झालेली ऊर्जा लगेच पूर्णपणे भरून काढली, तर यातील शेवटचा लाभ घटतो, असे अभ्यासकांना आढळले आहे.

तळण्याच्या तेलाचाही विचार हवा. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात घातक संयुगे वाढतात. अशा संयुगांचे प्रमाण २५ टक्क्यांपेक्षा अधिक झालेले तेल वापरू नये, असा केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. गाडीवर ते मोजणे ग्राहकाला शक्य नाही. परंतु तेल काळपट, फेसाळ व धुरकट दिसले, तर तेथून पुढे जाणे सर्वांना शक्य आहे.

राजा पसेनदीची कथा

आहारातील मात्रेचा विचार आपल्या परंपरेला नवा नाही. संयुत्त निकायातील दोणपाक सुत्तात कोसलचा राजा पसेनदी याची कथा आहे. तो दोण या मापाने शिजवलेला भात खात असे. एकदा तो जेवून, धापा टाकत भगवान बुद्धांकडे आला. भगवंतांनी जेवणात मात्रा ओळखण्याचे महत्त्व सांगणारी गाथा म्हटली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करण्यास सांगितले आणि आपल्या भोजनाच्या वेळी रोज म्हणण्यासाठी त्याला मोबदला ठरवून दिला. हळूहळू राजाचा आहार नाळि या लहान मापावर आला, शरीर हलके झाले आणि तो प्रसन्न झाला.

या कथेतील पद्धत लक्षात घेण्याजोगी आहे. राजाला कोणी उपाशी ठेवले नाही किंवा रागावले नाही. आठवण करून देणारी एक व्यक्ती ताटाजवळ होती आणि बदल क्रमाक्रमाने झाला. निवासी शाळेत हेच काम ठरलेली वेळ, जेवणाची घंटा आणि पंगतीतील सोबती करीत असतात. शाळा सुटली की ती घंटा थांबते. माजी विद्यार्थ्यांनी आता ती स्वतःच्या मनात वाजवावयाची आहे, तर घरी पालकांनी सुदस्सनाची भूमिका प्रेमाने घ्यावयाची आहे.

आपल्या घरातील उत्तर

कोकणातील साध्या स्वयंपाकघरात या प्रश्नाचे उत्तर तयार आहे. व्यवहारात पुढील गोष्टी पाळाव्यात.

१. धावून आल्यावर प्रथम पाणी प्यावे. घाम फार आला असेल, तर चिमूटभर मीठ घातलेले, बेताच्या साखरेचे कोकम सरबत घ्यावे.

२. तास-दोन तासांत कर्बोदके व प्रथिने एकत्र मिळतील असा नाश्ता करावा. उकड्या तांदळाच्या पेजेतून कर्बोदके, पाणी व मीठ मिळते. तिच्या जोडीला कुळथाचे पिठले किंवा उसळ घेतली की प्रथिनेही मिळतात. १०० ग्रॅम कुळथात सुमारे २२ ग्रॅम प्रथिने असतात.

३. नाचणीची भाकरी किंवा आंबील आहारात असावी. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, ते हाडांना उपयोगी पडते. दुपारच्या जेवणात बांगडा किंवा तारली असेल, तर उत्तमच.

४. मैदानावरून घरी जाण्यास उशीर होणार असेल, तर बरोबर पुडी ठेवावी. ५० ग्रॅम भाजलेल्या चण्यांतून सुमारे १० ग्रॅम, दोन उकडलेल्या अंड्यांतून सुमारे १२ ग्रॅम प्रथिने मिळतात. चण्यांबरोबर एक केळे घेतले, तर खर्च वडापावच्या आसपासच राहतो.

५. मुलींनी पालेभाजी व कडधान्यांबरोबर लिंबू किंवा आवळा घ्यावा, म्हणजे अन्नातील लोह अधिक शोषले जाते. चहा जेवणाला लागून घेऊ नये.

६. मित्रांबरोबर आठवड्यातून एखादा वडापाव जरूर खावा. तो आनंदाचा भाग समजावा, व्यायामाचे बक्षीस समजू नये. शीतपेय मात्र टाळावे.

समारोप

सारांश, व्यायामानंतर फास्ट फूड खाल्ल्याने घाम वाया जात नाही, परंतु रोजच्या सवयीने त्या घामाचे मोल कमी होत जाते. पालकांनी एका वडापाववरून मुलाच्या मेहनतीला नावे ठेवू नयेत. त्याऐवजी पहाटे तो मैदानाकडे निघताना त्याच्या खिशात चण्यांची पुडी द्यावी आणि परत येईल तेव्हा पेज गरम ठेवावी. मुलांनीही हे ध्यानी घ्यावे की भरतीच्या मैदानावर घड्याळ जी वेळ दाखवते, तीत पहाटेच्या धावण्याबरोबर आधीच्या शंभर दिवसांचे ताटही मोजलेले असते.

आपल्या शाळेतून बाहेर पडलेली प्रत्येक मुलगी व मुलगा त्या मैदानावर पूर्ण बळानिशी उभा राहो, ही सदिच्छा.