कशाचा हिस्सा? मीरासच्या वाटणीतील अपूर्णांक आणि बीजगणित

अपूर्णांकांची शाब्दिक उदाहरणे मुलांना अवघड वाटतात. बहुतेक वेळा अडचण आकडेमोडीची नसते. ‘एक तृतीयांश’ हे शब्द वाचताच मूल भागाकार करू लागते. तो तृतीयांश एकूण रकमेचा की उरलेल्या रकमेचा, हे पाहायचे राहून जाते. मुस्लिम कुटुंबात हा प्रश्न परीक्षेपुरता मर्यादित नाही. मीरासची वाटणी करताना याच ठिकाणी चूक झाली, तर कोणाचा तरी हक्क बुडतो.

अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावाने हा विचार पाण्याच्या बाबतीत अंगी बाणवला आहे. अल्प पावसाच्या या गावात १९८९ नंतर पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली जलसंधारणाची कामे झाली. ऊस-केळीसारखी अधिक पाणी लागणारी पिके आणि शेतीसाठी कूपनलिका यांवर गावाने बंदी घातली. ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो : आधी माणसांच्या व जनावरांच्या पिण्याचे पाणी बाजूला काढायचे, मग उरलेल्यावर पिकांचा निर्णय घ्यायचा.

याच पद्धतीवर एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका गावाने उपलब्ध पाण्याचा १/१० भाग पिण्यासाठी राखला. उरलेल्याचा १/३ भाग पुढील वर्षासाठी ठेवला. शेतीला ३६० कोटी लिटर पाणी मिळाले. तर एकूण पाणी किती?

एकूण पाणी क्ष कोटी लिटर मानू.
पिण्याचे पाणी काढल्यावर उरले : ९क्ष/१०
त्याचा १/३ भाग : ३क्ष/१०
शेतीसाठी उरले : ६क्ष/१० = ३६०
म्हणून क्ष = ६००

पडताळा : ६० + १८० + ३६० = ६००. येथे १/३ भाग एकूण पाण्याचा धरला असता, तर उत्तर सुमारे ६३५ आले असते. नसलेले ३५ कोटी लिटर पाणी कागदावर दिसले असते आणि त्या भरवशावर पेरलेले पीक वाळून गेले असते.

अज्ञात राशीला नाव देऊन समीकरण सोडवण्याच्या या रीतीला बगदादचे विद्वान मुहम्मद बिन मूसा अल-ख्वारिज्मी यांनी नवव्या शतकात, खलीफा मामूनच्या काळात, शास्त्राचे रूप दिले. अज्ञात राशीला ते ‘शय’, म्हणजे ‘वस्तू’, म्हणत. त्यांच्या ग्रंथाच्या नावातील ‘अल-जब्र’ म्हणजे वजा झालेले पद भरून काढणे, आणि ‘अल-मुकाबला’ म्हणजे दोन्ही बाजूंची समान पदे समोरासमोर ठेवून कमी करणे. त्या ग्रंथाचा मोठा भाग वसीयत आणि वारसा यांच्या उदाहरणांनी व्यापलेला आहे.

मीरासचे मूळ हिस्से पवित्र कुरआनच्या सूरह अन्-निसामध्ये (आयत ११, १२ व १७६) आले आहेत. क्रमही ठरलेला आहे : प्रथम कफन-दफनाचा खर्च, नंतर कर्ज, नंतर वसीयत आणि मग वारसांचे हिस्से. पत्नीचा न दिलेला महर हेही कर्जच होय. वसीयत एक तृतीयांशापेक्षा अधिक नसावी, ही मर्यादा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हजरत सअद बिन अबी वक्कास (रजि.) यांना सांगितली होती.

आता उदाहरण पाहू. एका गृहस्थाने १३,९२,००० रुपयांची मालमत्ता मागे ठेवली. कफन-दफन, कर्ज व महर मिळून २,४०,००० रुपये द्यायचे आहेत. १/६ भागाची वसीयत एका धर्मादाय कामासाठी आहे. पत्नी, एक मुलगा व दोन मुली हे वारस आहेत; आई-वडील हयात नाहीत.

कर्ज वगैरे फेडल्यावर उरले : ११,५२,०००
त्याचा १/६ (वसीयत) : १,९२,०००
वारसांसाठी उरले : ९,६०,०००
पत्नीचा १/८ : १,२०,०००

मुलीचा हिस्सा क्ष मानला, तर मुलाचा २क्ष. म्हणून
२क्ष + क्ष + क्ष = ८,४०,०००
क्ष = २,१०,०००

प्रत्येक मुलीला २,१०,००० आणि मुलाला ४,२०,००० रुपये. वसीयतीचा १/६ भाग मूळ १३,९२,००० वर काढला असता, तर २,३२,००० रुपये गेले असते आणि वारसांचे ४०,००० रुपये कमी झाले असते.

या कुटुंबात प्रत्येक मुलीचा हिस्सा वारसांच्या रकमेच्या ७/३२ येतो. आता समजा, भावाने बहिणीच्या हाती १,०५,००० रुपये ठेवून ‘हाच तुझा हिस्सा’ असे सांगितले. बहिणीने उलट हिशेब करावा : ७क्ष/३२ = १,०५,०००, म्हणून क्ष = ४,८०,०००. वाटायची रक्कम तर ९,६०,००० होती. म्हणजे तिचा अर्धा हक्क अजून भावाकडेच आहे.

आपल्या समाजात बहिणीने हिस्सा मागितला की नाते तुटेल, या भीतीने ती गप्प राहते. लग्नात खर्च झाला, असे म्हणून तिचा हक्क संपल्याचे मानले जाते. लग्नाचा खर्च मीरासच्या हिशेबात कोठेही वजा होत नाही. मालमत्ता थोडी असो वा पुष्कळ, तीत पुरुषांप्रमाणे स्त्रियांचाही हिस्सा आहे, हे याच सूरहच्या सातव्या आयतीत स्पष्ट केले आहे. हिस्से सांगून झाल्यावर या अल्लाहने आखलेल्या मर्यादा आहेत, असेही तेथे बजावले आहे. प्रत्यक्ष वाटणीच्या वेळी वारसांची पूर्ण यादी जाणकार आलिमांसमोर ठेवावी, कारण एका वारसाने हिस्से बदलतात. मात्र आकडेमोड घरातील मुला-मुलींनाही करता आली पाहिजे.

सरावासाठी : एका स्त्रीच्या मालमत्तेतून कफन-दफन व कर्जापोटी ४०,००० रुपये दिले गेले. वसीयत नव्हती. पती (१/४), एक मुलगा व एक मुलगी हे वारस होते. आई-वडील हयात नव्हते. मुलीला ९०,००० रुपये मिळाले. मूळ मालमत्ता किती?

उत्तर : ४,००,००० रुपये. हे उदाहरण मुलीकडून सोडवून घ्यावे आणि मुलाला शेजारी बसवावे.