व्याज थोडे कमी मिळाले तरी चालेल

मानखुर्द, मुंबई

चि. सागर,

दादाच्या निवृत्तीचे पंचवीस लाख तू गावातल्या मल्टिस्टेट पतसंस्थेत बारा टक्क्यांनी ठेवणार आहेस, असे वहिनी फोनवर म्हणाली. तेव्हापासून जिवाला घोर लागला आहे. बीड जिल्ह्यात राहून हे तुला सुचले तरी कसे? ज्ञानराधा मल्टिस्टेटमध्ये 2023 पासून ठेवी अडकल्या, त्याआधी जळगावच्या रायसोनी मल्टिस्टेटमध्ये अडकल्या. तिथेही लोक जादा व्याजाच्या आशेनेच गेले होते. मला तुला एकच विचारायचे आहे: वहिनीला दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर त्या दिवशी पैसा हातात येईल का?

हिशेब मांडून बघ. पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत सध्या 8.2 टक्के व्याज आहे, पाच वर्षे दर बदलत नाही, आणि एका माणसाला 30 लाखांपर्यंत ठेवता येतात. त्यात वीस लाख ठेवलेस तर दर तिमाहीला 41 हजार येतील. पतसंस्था त्याच रकमेवर वर्षाला 76 हजार जास्त देईल. एवढ्यासाठी आयुष्यभराचे वीस लाख पणाला लावायचे का? पोस्टाच्या ठेवीमागे सरकार उभे असते. बँक बुडाली, तर मुद्दल आणि व्याज मिळून पाच लाखांपर्यंत विमा असतो. जिल्हा बँकेलाही तो लागू आहे. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा नाही.

तू म्हणशील, संचालक आपल्याच ओळखीचे आहेत. ते भले असतील, पण त्यांनी दिलेले कर्ज बुडाले तर त्यांच्या भलेपणातून ठेव परत येत नाही. तू म्हणशील, बँकाही अडचणीत येतात. खरे आहे. आमच्या मुंबईत 23 सप्टेंबर 2019 ला पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला खातेदाराला हजारच रुपये काढता येत होते. फेब्रुवारी 2025 मध्ये न्यू इंडिया सहकारी बँकेतून पैसे काढणेच थांबले; पुढे ती सारस्वत बँकेत विलीन झाली. म्हणून तर सांगते, बँक कुठलीही असो, सगळी रक्कम एकाच दारात ठेवू नये आणि सहकारी बँकेत विम्याच्या मर्यादेबाहेर जाऊ नये. सहकाराला मी नावे ठेवत नाही. म्हातारपणाची पुंजी ही धोका पत्करायची रक्कम नव्हे, एवढेच माझे म्हणणे आहे.

राष्ट्रीयीकृत बँक लांब आहे, रांग मोठी असते, ही अडचण खरी आहे. पण तिथे रोज कुठे जायचे आहे? उरलेल्या पाच लाखांच्या तिथे लहान लहान मुदत ठेवी कर, म्हणजे अडीनडीला एकच मोडावी लागेल. रोजच्या खर्चाचे खाते गावातल्या पोस्टात ठेव. पोस्ट पेमेंट्स बँकेमुळे पोस्टमन घरी येऊन अंगठ्यावर पैसे देतो. पोस्टातली ज्येष्ठांची ठेव दादा-वहिनींच्या संयुक्त नावावर कर, आणि प्रत्येक ठेवीला वारस लाव. दादाच्या माघारी वहिनीला कागदांसाठी कचेऱ्यांचे उंबरठे झिजवायला लागू नयेत.

आमच्या तरुणपणी वडिलांच्या पैशाविषयी मुलांनी बोलणे उद्धटपणाचे मानले जाई. आम्ही गप्प राहिलो, याची रुखरुख अजून आहे. तू बोलतोस, काळजी घेतोस, हे मला फार आवडते. रागावले असेन तर मनावर घेऊ नकोस. दादाच्या चार पैशांत भर पडावी म्हणूनच तू हे ठरवलेस, हे मला कळते. पण त्या दोघांना आता जास्त पैसा नको, निवांत झोप हवी आहे. पतसंस्थेच्या कागदावर दादाची सही घेण्याआधी मला एक फोन कर, बाळा. तुझ्या शब्दावर ते दोघे डोळे मिटून विश्वास ठेवतात.

तुझी,
आत्या