डॉक्टर, कारागीर आणि आपला प्रोजेक्ट ग्रुप

फायनल इयरचे प्रोजेक्ट ग्रुप ठरायची वेळ आली की आपण काय करतो? रूम-पार्टनर, शेजारच्या बेंचवरची मैत्रीण, एकच ब्रँच. झाला ग्रुप! वेगवेगळ्या विषयांतली माणसं एकत्र आली की नवीन कल्पना जास्त सुचतात, हे मी लेक्चरमध्ये ऐकलं आणि मला लगेच पटलं. पण नुसतं एकत्र येणं पुरत नाही. जयपूर फूटचं उदाहरण घेऊ.

जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी हाडांचे सर्जन होते. तिथेच रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर काम करत. लोक त्यांना मास्टरजी म्हणत. शाळा बेताचीच, पण हातात कला. तेव्हा मिळणारा परदेशी पद्धतीचा कृत्रिम पाय बूट घालून खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी होता. आपल्याकडे मांडी घालायची, उकिडवं बसायचं, शेतात अनवाणी चालायचं. त्यामुळे अनेक रुग्ण तो पाय वापरणंच सोडून देत.

पायाची कुठली हालचाल हवी हे डॉक्टरांना माहीत होतं. साचा कसा करायचा, कुठलं मटेरियल कुठे चालेल हे मास्टरजींना माहीत होतं. रबराचं तंत्र मिळालं टायर रिट्रेडिंगच्या धंद्यातून! सगळा पाय भरीव रबराचा केला तर जड आणि ताठ होतो. म्हणून आत स्पंजसारखं हलकं रबर, घोट्यापाशी लाकडाचा ठोकळा आणि वरून मजबूत रबराचं आवरण अशी रचना झाली. १९६८ च्या सुमारास हा पाय तयार झाला. महत्त्वाचं म्हणजे, दोघांच्या मध्ये एक वस्तू होती आणि ती घालून चालणारा रुग्ण होता. कोण बरोबर, हे पदवीवरून नाही, तर रुग्णाच्या चालण्यावरून ठरायचं.

आता आमची गोष्ट. गेल्या वर्षी आमच्या ग्रुपमध्ये मेकॅनिकलचे दोघं, कॉम्प्युटरचा एक आणि इलेक्ट्रॉनिक्सची मी. कामं वाटून घेतली आणि डायरेक्ट शेवटच्या आठवड्यात भेटलो. बघतो तर काय, माझं सर्किट ठेवायला फ्रेममध्ये जागाच नाही! वर्कशॉपमधल्या मामांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "हा डबा बसवणार कुठं?" आम्ही हसलो होतो. चार प्रकारचं ज्ञान आमच्याकडे होतं, पण ते चार वेगवेगळ्या वह्यांत बंद होतं. पाचवं तर आम्ही ज्ञान म्हणून धरलंच नाही.

खरं सांगायचं तर मिश्र ग्रुपमध्ये त्रासही जास्त होतो. एकमेकांचे शब्द कळत नाहीत, वाद होतात, वेळ जातो. म्हणून यंदा आम्ही पहिल्याच आठवड्यात पुठ्ठ्याचं मॉडेल करायचं ठरवलंय. दर शनिवारी सगळ्यांनी त्याभोवती बसायचं आणि जो सर्वांत कमी बोलतो त्याला आधी बोलू द्यायचं.

१९८१ साली मॅगसेसे पुरस्कार डॉ. सेठींना मिळाला. मास्टरजींचं नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकलंय? रिपोर्टच्या आभाराच्या पानावर या वेळी मामांचं नाव नक्की असेल.