वृद्धांची आरोग्यसेवा : गावाच्या वेशीपर्यंत

नागपूर जिल्ह्याच्या उत्तर भागात वसलेल्या पारशिवनी तालुक्याची दोन रूपे आहेत. दक्षिणेस नागपूर-जबलपूर मार्गावरील कन्हान आणि कोळसा खाणींचा वर्दळीचा परिसर, तर उत्तरेस मध्य प्रदेशाच्या सीमेला भिडलेले पेंचचे अरण्य व त्याच्या कडेची आदिवासी गावे. कन्हानच्या वृद्धास दवाखाना जवळ वाटतो. रानालगतच्या गावातील वृद्धास तोच दवाखाना दिवसभराचा प्रवास ठरू शकतो. वृद्धांच्या आरोग्यसेवेचा विचार या अंतरापासूनच सुरू व्हावयास हवा.

खर्च कशाचा?

शासकीय उपचारांचा खर्च गेल्या काही वर्षांत पुष्कळ कमी झाला आहे. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत निःशुल्क उपचारांचा निर्णय अमलात आला. ऑक्टोबर २०२४ मध्ये आयुष्मान भारत योजनेखाली सत्तर वर्षांवरील सर्वांना, उत्पन्नाची अट न ठेवता, पाच लाख रुपयांपर्यंतचे वार्षिक संरक्षण देण्यात आले. परंतु हे संरक्षण मुख्यत्वे रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे. रक्तदाब व मधुमेह यांवरील रोजच्या गोळीचा प्रश्न त्याने सुटत नाही.

ही गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य मिळाली, तरी तेथवर जाण्यास मोल पडते. सोबत येणाऱ्या मुलाची मजुरी बुडते. एस. टी. चा प्रवास पंचाहत्तरीनंतर मोफत व पासष्ट ते पंचाहत्तर वयात अर्ध्या भाड्यात आहे. पण गाडी गावापर्यंत येत नसेल तर सवलतीचा उपयोग काय? मग एखादी फेरी चुकते, गोळी खंडित होते. वाढलेला रक्तदाब सहसा दुखत नाही, म्हणून ते कुणाच्या ध्यानीही येत नाही. पुढे अर्धांगवायूचा झटका आला की सारे कुटुंब कर्जात ओढले जाते.

शेजारचा अनुभव

यावरील उपाय दूर शोधावयास नको. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात राज्यातील प्रारंभीच्या जिल्ह्यांत नागपूरच्या शेजारचे भंडारा व वर्धा हे जिल्हे होते. ठरावीक व सोपी औषधयोजना, प्रत्येक रुग्णाची नोंद, एका वेळी तीस दिवसांच्या गोळ्या आणि शक्य तेथे उपकेंद्रातूनच औषधवाटप, ही त्याची पद्धत होती. रुग्णाची पायपीट वाचली तर औषधात खंड पडत नाही, हे त्यामागील साधे तत्त्व होय.

यासाठी यंत्रणा नव्याने उभारावयाची नाही. डोंगरी व आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असावे, असा निकष आहे. २०१० साली सुरू झालेल्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमात प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एकदा वृद्धांसाठी विशेष तपासणी आणि अंथरुणास खिळलेल्यांसाठी गृहभेटी अभिप्रेत आहेत. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या विसाव्या कलमात वृद्धांसाठी स्वतंत्र रांगेची तरतूद आहे.

गावाने काय करावे?

पहिले काम यादीचे. साठीपुढील व्यक्ती, एकटे राहणारे, नियमित औषध घेणारे आणि घराबाहेर पडू न शकणारे यांची वेगवेगळी नोंद आशा कार्यकर्तीच्या साहाय्याने ग्रामपंचायतीने ठेवावी. दुसरे, वृद्धांच्या तपासणीचा वार निश्चित करून त्याची दवंडी द्यावी व फलकावर तो लिहावा. तिसरे, दर महिन्यास कोणाची गोळी चुकली याचा आढावा गाव आरोग्य समितीने घ्यावा. अंथरुणावरील वृद्धांची नावे आरोग्यसेविकेकडे द्यावीत.

शिक्षकांचाही यात वाटा आहे. अक्षरओळख नसलेल्या आजीला सकाळची गोळी कोणती व रात्रीची कोणती, हे चौथीतील नातू वाचून सांगू शकतो. औषधाच्या पाकिटावरील मुदत कशी पाहावी, हा परिसर अभ्यासाचा उत्तम पाठ ठरेल.

१ ऑक्टोबर हा जागतिक ज्येष्ठ नागरिक दिन. त्यापाठोपाठच्या गांधी जयंतीच्या ग्रामसभेत ही यादी वाचून दाखविली आणि उपकेंद्रात तीस दिवसांच्या गोळ्या उपलब्ध करून देण्याची मागणी ठरावाने नोंदविली, तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांपुढे गावाची निश्चित गरज येईल. गावाने नावे द्यावीत, यंत्रणेने औषध पोचवावे. या सहकार्यातून वानप्रस्थी वयातील माणसांचे आयुष्य सुसह्य होईल.