कानातला शंख
इयत्ता ४ थी

दुधनेच्या वाळूत आपण शंख वेचतो ना? तसाच एक इवलासा शंख आपल्या प्रत्येक कानाच्या आत असतो. तो वाटाण्याएवढा असतो. त्यात बारीक केस असलेल्या सुमारे १५ हजार पेशी असतात. आवाज आला की ते केस हलतात आणि नसेतून मेंदूला निरोप जातो. मग आपल्याला ऐकू येते.

माझ्या मामाच्या मुलीच्या या पेशी जन्मापासून काम करीत नव्हत्या. दीड वर्षाची झाली तरी हाक मारल्यावर ती वळायची नाही. आजी म्हणायची, "तुझा मामाबी उशिराच बोलला." म्हणून सगळे थांबले. पुढे अंगणवाडीत तपासणीची गाडी आली. डॉक्टरांनी तिच्या पाठीमागे खुळखुळा वाजवला. ती आपली खिचडी खात बसली. तेव्हा मामीला रडू आले.

ही गाडी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची असते. तो २०१३ साली आपल्या महाराष्ट्रातच, पालघरला सुरू झाला. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी होते. त्या दिवशी आपल्यातले काहीजण सुईच्या भीतीने घरी राहतात. मी नावे लिहीत नाही.

साधे श्रवणयंत्र आवाज नुसता मोठा करते. पण आतल्या पेशीच बंद असतील तर मोठा आवाज काय कामाचा? अशा मुलांसाठी कॉक्लिअर इम्प्लांट असते. त्याचे दोन भाग असतात. एक कानामागे लावायचा. त्यात माइक असतो. तो आवाज टिपतो आणि त्याचे विजेचे संदेश करतो. दुसरा भाग ऑपरेशन करून कातडीखाली बसवतात. त्याची बारीक तार थेट शंखात जाते व नसेला संदेश देते. दोन्ही भागांमध्ये वायर नसते. रेडिओसारख्या लहरी कातडीतून पलीकडे जातात. आतल्या भागात सेलसुद्धा नसतो, त्याला वीज बाहेरूनच मिळते. मला हे सर्वात नवल वाटले.

ऑस्ट्रेलियात ग्रॅम क्लार्क नावाचे डॉक्टर आहेत. त्यांच्या वडिलांना कमी ऐकू यायचे. शंखाच्या वेढ्यांत तार शिरवायची कशी, हे त्यांना उमगत नव्हते. १९७७ साली समुद्रकाठी त्यांनी एका शिंपल्याच्या शंखात गवताची काडी घालून पाहिली. टोकाला मऊ आणि मागे ताठ अशी काडी आतपर्यंत गेली! १ ऑगस्ट १९७८ रोजी त्यांनी मेलबर्नला पहिले ऑपरेशन केले. त्या तारखेला आपल्याकडे टिळक पुण्यतिथी व अण्णाभाऊ साठे जयंती असते, म्हणून ती माझ्या लक्षात राहिली.

मामा-मामी सेलूहून रेल्वेने मुंबईला गेले. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे. तिथे कान तपासतात, बोलायलाही शिकवतात. हे यंत्र लाखांत जाते, पण लहान मुलांना सरकारी योजनेतून मिळू शकते. तिचे ऑपरेशन अडीच वर्षांची असताना झाले.

आम्हाला वाटले, यंत्र लावले की ती बोलणार. पण यंत्र सुरू केले तेव्हा ती घाबरून रडली. मी बाईंना विचारले, "१५ हजार पेशींचे काम तारेवरच्या २२ टोकांनी कसे भागते?" बाई म्हणाल्या, "उरलेले मेंदूला शिकावे लागते. लहान मेंदू लवकर शिकतो, म्हणून उशीर नको." आता मामी रोज एकेक आवाज ओळखायला लावते. कुकरची शिट्टी, बकरी, ताटली. मीही सुट्टीत शिकवते.

बाहेरचा भाग लोहचुंबकाने डोक्याला चिकटतो. अंघोळीला काढून ठेवतात. एकदा तो सापडेना. घरभर शोधले. शेवटी लोखंडी कपाटाला चिकटलेला निघाला.

आता ती चार वर्षांची आहे. पहिला शब्द "आई" म्हणली. मला "ताई" म्हणते, पण तेही "आई"सारखेच ऐकू येते. म्हणून तिने हाक मारली की मामी आणि मी दोघीही ओ देतो.